हॉटेल उभे राहते रात्रीच्या हिशेबावर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत, कार्यक्रमांचे आयोजन करता करता हॉटेल व्यवसायात उतरणाऱ्या तरुणांवरचा लेख वाचला. विषय वेळेवर आला आहे. पुण्या-मुंबईत गाण्याचे कार्यक्रम, कॉलेजचे महोत्सव, लग्नातले संगीत सांभाळणारी मुले पाच-सात वर्षांनी लोणावळा, कर्जत, अलिबाग नाहीतर गोव्याकडे जागा शोधू लागतात. लेखात त्यांच्यापुढे न्यूयॉर्कमध्ये आधी नाइटक्लब चालवून पुढे हॉटेले काढणाऱ्या इयान श्रेगर यांचा आदर्श ठेवला आहे. निवड योग्य आहे. मात्र लेखात त्यांचा १९७७चा क्लब येतो आणि लगेच १९८४चे हॉटेल येते. मधली वर्षे गाळली आहेत, आणि या वाटेने जाणाऱ्याने शिकावे असे जवळजवळ सगळे त्याच वर्षांत आहे. म्हणून हे पत्र, थोडे लांबलेले.

श्रेगर मूळचे ब्रुकलिनचे, शिक्षणाने वकील. सिराक्यूज विद्यापीठात स्टीव्ह रुबेल भेटले आणि पुढे दोघे भागीदार झाले. १९७५ साली त्यांनी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात एक क्लब काढला. मग २६ एप्रिल १९७७ रोजी मॅनहॅटनच्या पश्चिम ५४व्या रस्त्यावर ‘स्टुडिओ ५४’ उघडला. ती इमारत १९२७ सालचे ऑपेरागृह, नंतर सीबीएस वाहिनीचा स्टुडिओ. त्यांनी ती सुमारे सहा आठवड्यांत तयार केली. हे कसे जमले, ते लेखात यायला हवे होते. नाट्यगृहाचे पडदे वर-खाली करणारे दोर, वजने आणि दिव्यांचे बार इमारतीत होतेच. ते काढून न टाकता त्यांनी नाचाच्या फरशीवर दिवे आणि देखावे वरून सोडायला वापरले. नाटकाची प्रकाशयोजना करणारी माणसे बोलावली. एकच हॉल एका रात्रीत चार वेळा रूप बदलत असे. जागेत आधीपासून काय आहे ते ओळखून त्यावर काम करायचे, ही सवय श्रेगर यांच्या हॉटेलांत शेवटपर्यंत दिसते.

आता परवान्याचे. क्लब उघडला तेव्हा त्यांच्याकडे मद्यविक्रीचा कायम परवाना नव्हता. लग्न-समारंभासाठी केटररला मिळतो तसा एकेका दिवसाचा परवाना ते रोज नव्याने घेत होते. महिन्याभरात, मे १९७७मध्ये, छापा पडला. दुसऱ्या दिवशी क्लब पुन्हा उघडला, पण फळांचा रस आणि सोडा विकत. आपल्याकडे हे नीट समजून घ्यावे, कारण महाराष्ट्रातही एका दिवसाचा मद्य परवाना मिळतो आणि कार्यक्रमवाल्यांना त्याची सवय झालेली असते. एका रात्रीसाठी तो रास्त आहे. रिसॉर्टचा बार त्यावर महिनोन्‌महिने चालवता येत नाही. हॉटेलच्या परमिट रूमला उत्पादन शुल्क विभागाचा एफएल-३ परवाना लागतो, त्याची मुदत ३१ मार्चला संपते, आणि अर्जासोबत जागेचे बांधकाम व वापर वैध असल्याची कागदपत्रे द्यावी लागतात. इथेच गाडी अडते. बंगला राहण्यासाठी मंजूर झालेला असतो, त्याचे हॉटेल केलेले असते, आणि वापरातल्या बदलाची परवानगी कुणी घेतलेलीच नसते. सजावटीवर पैसा खर्चून मग परवान्याच्या मागे लागणे, हा या वाटेवरचा सगळ्यात महागडा उलटा क्रम आहे.

श्रेगर आणि रुबेल यांची खरी चूक याहून मोठी होती. दारावर रोख पैसे येत आणि त्यातले बरेचसे वहीत न चढवता बाजूला काढले जात. १४ डिसेंबर १९७८ रोजी प्राप्तिकर खात्याची धाड पडली. दोघांनी करचुकवेगिरीचा गुन्हा कबूल केला. जानेवारी १९८०मध्ये प्रत्येकी साडेतीन वर्षांची कैद आणि २० हजार डॉलर दंड झाला. पुढे शिक्षा कमी होऊन सुमारे तेरा महिन्यांनी ते बाहेर आले. बाहेर आल्यावर गुन्हेगार म्हणून त्यांना मद्य परवाना मिळणे अशक्य, कर्ज मिळणे कठीण. क्लब विकावा लागला होता. १९८५मध्ये १४व्या रस्त्यावर ‘पॅलेडियम’ हा मोठा क्लब त्यांनी उभा केला तोही दुसऱ्यांच्या मालकीखाली, स्वतः कामापुरते राहून. राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी श्रेगर यांना माफी दिली ती जानेवारी २०१७मध्ये, म्हणजे शिक्षेनंतर ३७ वर्षांनी.

रोखीची ही सवय हॉटेलात का चालत नाही, हे सांगायला हवे. कार्यक्रमाचा हिशेब एका रात्रीचा असतो: तिकिटे, प्रायोजक, कलाकाराचे मानधन, ध्वनी-प्रकाश, मैदान. कलाकाराला करार करताना निम्मे आणि मंचावर चढण्याआधी उरलेले द्यायचे, दुसऱ्या दिवशी बाकीच्यांची बिले भागवायची आणि उरेल तो नफा. हॉटेलात असा शेवटचा दिवस येतच नाही. म्हणून तिथे नाइट ऑडिट असते. रात्री साधारण एक ते तीनच्या दरम्यान, हालचाल थंडावल्यावर, एक माणूस बसून चार गोष्टी जुळवतो: किती खोल्या भरल्या, प्रत्येक खोलीच्या खात्यावर काय चढले, बार आणि रेस्टॉरंटची कोणती बिले खोल्यांच्या नावे पडली, आणि रोख, कार्ड, यूपीआयची बेरीज कॅशियरच्या गल्ल्याशी मिळते का. सोबत हाऊसकीपिंगचा संध्याकाळचा खोल्यांचा अहवालही ताडून पाहायचा असतो. संगणकात खोली रिकामी आणि हाऊसकीपिंगच्या कागदावर पलंग वापरलेला, असा फरक दिसला की कुणीतरी खोली परस्पर विकली आहे असे समजावे. नव्या मालकांचे पैसे सर्वांत जास्त इथूनच गळतात, आणि मालक खाली पाहुण्यांशी गप्पा मारत असतो. पहिली दोन वर्षे तरी हा कागद रोज सकाळी मालकाने स्वतः वाचावा, असा आमचा आग्रह आहे.

१९८४ साली मॅडिसन ॲव्हेन्यूवर ३७व्या आणि ३८व्या रस्त्यांच्या मध्ये ‘मॉर्गन्स’ हे श्रेगर आणि रुबेल यांचे पहिले हॉटेल उघडले. इमारत जुनी, खोल्या लहान, एकूण ११३. तिसरा भागीदार फिलिप पिलेव्हस्की जमीन-इमारतींच्या व्यवहारातला. अंतर्गत रचना फ्रेंच डिझायनर आंद्रे पुटमन यांनी केली. पैसा हात राखून खर्चला होता. हॉटेलच्या न्हाणीघरातल्या काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या फरश्या पुढे जगभर नावाजल्या गेल्या, पण त्या निवडल्या होत्या स्वस्त म्हणून. बाहेर हॉटेलच्या नावाची पाटीही नव्हती. बुटीक हॉटेल हा शब्द रुबेल यांच्या तोंडचा सांगतात: बाकीची हॉटेले मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरसारखी, आमचे मात्र निवडक मालाचे छोटे दुकान. रुबेल १९८९मध्ये वारले. त्याआधी १९८८मध्ये ‘रॉयल्टन’ उघडले होते, आणि १९९०मध्ये ‘पॅरामाउंट’ आले. दोन्हींची रचना फ्रेंच डिझायनर फिलिप स्टार्क यांची.

या हॉटेलांत क्लबमधून काय आले ते पाहू. पहिली गोष्ट म्हणजे लॉबी. तोवर लॉबी म्हणजे चावी घेऊन लिफ्टकडे जाण्याची वाट. श्रेगर यांनी तिथे बसणे, पिणे, भेटणे आणले. गावातली माणसे संध्याकाळी येतील अशी ती केली, म्हणजे मुक्कामी पाहुण्यालाही बाहेर जायची गरज वाटू नये. खोल्या लहान असल्या तरी त्यामुळे चालले. २०००मध्ये उघडलेल्या ‘हडसन’मध्ये सुमारे हजार खोल्या होत्या आणि त्या जहाजाच्या केबिनसारख्या चिमुकल्या. लोकांचा वेळ खाली जात असे. आपल्याकडे हे करताना दोन तपशील सांभाळावे लागतात. बाहेरच्या गिऱ्हाइकाला रस्त्यावरून थेट बारमध्ये जाणारे वेगळे दार हवे, आणि लिफ्ट खोलीच्या कार्डाशिवाय वरच्या मजल्यांवर जाऊ नये. हे दोन्ही नसले की मध्यरात्री कॉरिडॉरमध्ये अनोळखी माणसे फिरतात, आणि कुटुंबे घेऊन आलेले लोक पुन्हा येत नाहीत.

दुसरी गोष्ट प्रकाश. कार्यक्रमवाल्याला हे उपजत कळते, आणि पारंपरिक हॉटेलवाले इथे कमी पडतात. एकाच लॉबीचे सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि रात्र असे चार सीन डिमरवर, म्हणजे उजेड कमी-जास्त करणाऱ्या बटणावर, बसवावेत, संध्याकाळनंतर २७०० केल्विनच्या (हे दिव्याच्या रंगछटेचे माप) पुढचा पांढरा दिवा लावू नये, आणि आरशासमोरचा दिवा डोक्यावर न देता चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना द्यावा. यात फारसा खर्च नाही. स्वस्त डिमर आणि त्याला न जुळणारे एलईडी एकत्र आले की दिवे लुकलुकतात, म्हणून दिवा आणि डिमर खरेदीआधी एकत्र लावून पाहावेत.

आता या मंडळींच्या हातून हमखास बिघडते ते. आवाज! ज्याने दहा वर्षे मैदानात ध्वनी लावला त्याला वाटते, आवाजाचे आपल्याला कळते. मैदानात आवाज हवेतून जातो, इमारतीत तो स्लॅबमधून चढतो. सबवूफर, म्हणजे खर्जाचा मोठा स्पीकर, थेट फरशीवर ठेवला की ४० ते १०० हर्ट्झचा ठोका खांबांवाटे दोन-तीन मजले वर पोचतो. खोलीत झोपलेल्याला गाणे ऐकू येत नाही, उशीखाली धपधप जाणवते. मग मालक भिंतींना फोम लावतो. फोम हॉलमधला घुमारा कमी करतो, भिंतीपलीकडे जाणारा ठोका अडवत नाही. त्याला वस्तुमान आणि तुटक जोडणी लागते: रबरी किंवा स्प्रिंगच्या आधारावर उचललेली वेगळी फरशी, मूळ भिंतीला न टेकणारी दुसरी भिंत, स्पीकरखाली कंपन अडवणारा आयसोलेटर. खोलीच्या दाराखाली बोटभर फट राहिली तर भिंतीवर केलेला खर्च वाया. आणि मोजणीतही फसगत होते. मोबाइलवर दिसते ते सहसा डीबी(ए). या मापात ६३ हर्ट्झचा आवाज सुमारे २६ डेसिबलने कमी मोजला जातो. म्हणून मीटर ५० दाखवतो आणि पाहुणा मात्र जागा असतो. खर्जही जवळजवळ पूर्ण धरणाऱ्या डीबी(सी) मापातही मोजून पाहावे. कायद्याचे माप तर आहेच: ध्वनी प्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत निवासी भागात ४५ आणि व्यापारी भागात ५५ डीबी(ए). वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सांस्कृतिक किंवा धार्मिक कार्यक्रमांसाठी मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. पुण्यातला सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्रभर चाले, त्यालाही वेळेच्या या बंधनात यावे लागले. एखाद्या रिसॉर्टच्या डीजेला वेगळा नियम कुठून मिळणार?

आगीबद्दलही थांबून लिहायला हवे. २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर मुंबईत कमला मिल परिसरातल्या गच्चीवरच्या उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ माणसे गेली. कार्यक्रमाचा मंडप दोन दिवसांनी उतरतो. हॉटेलात तोच बांबू, तीच कापडी छते, तेच वायरिंग वर्षानुवर्षे राहते, आणि खाली माणसे झोपलेली असतात. महाराष्ट्राच्या २००६च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र, म्हणजे ‘फॉर्म बी’, वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावे लागते. ते कागदापुरते घेऊ नये. पंप दर आठवड्याला चालवून पाहावा, जिन्यात गाद्या आणि खुर्च्या रचू नयेत, आणि सुटकेचे दार आतून किल्लीशिवाय उघडते का ते स्वतः हात लावून पाहावे. जुनी इमारत घेत असाल आणि ती ३० वर्षांवरची असेल तर संरचनात्मक तपासणी करारावर सही करण्याआधी करून घ्यावी.

पैशांचे गणित थोडक्यात. समजा, लोणावळ्याजवळ ४० खोल्यांचे रिसॉर्ट आहे. शुक्रवारी ३० खोल्या भरतात, शनिवारी ४०, रविवारी २०, आणि सोमवार ते गुरुवार रोज ८. शनिवारी उभे राहून पाहणाऱ्याला ते हाऊसफुल्ल दिसते. आठवड्याच्या २८० खोल्यांपैकी विकल्या जातात १२२, म्हणजे ४४ टक्के. कार्यक्रमाचे न विकलेले तिकीट एकदाच वाया जाते, रिकामी खोली रोज रात्री वाया जाते. आता समजा, हेच ठिकाण वर्षाच्या सरासरीत ६० टक्क्यांवर नेले आणि खोलीला सरासरी ४,५०० रुपये मिळाले: रोज २४ खोल्या, १,०८,००० रुपये. त्यातल्या निम्म्या बुकिंगच्या संकेतस्थळांवरून आल्या आणि कमिशन २० टक्के धरले तर रोज १०,८०० रुपये तिकडेच गेले. गाद्या, पडदे, एसी बदलण्यासाठी उत्पन्नाच्या ४ टक्के बाजूला ठेवण्याचा या धंद्यातला रिवाज आहे, म्हणजे महिन्याला सुमारे १,३०,००० रुपये. नवा मालक पहिल्या वर्षी हे ठेवत नाही, कारण सगळे नवे असते. पाचव्या-सहाव्या वर्षी सगळे एकदम झिजते. ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर सप्टेंबर २०२५पासून जीएसटी ५ टक्के झाला हे खरे, पण त्यावर इनपुट क्रेडिट नाही. म्हणजे फर्निचर, गाद्या, एसीवर भरलेला कर परत मिळत नाही, तो भांडवली खर्चातच धरायचा.

कापडाचे गणित आणखी साधे, आणि तेच सगळ्यांचे चुकते. प्रत्येक पलंगाला किमान तीन संच: एक अंथरलेला, एक धुण्यात, एक कपाटात. पलंगाला दोन चादरी धरल्या तर ४० खोल्यांना २४० चादरी, खोलीला चार उशा धरल्या तर ४८० अभ्रे, आणि दोन टॉवेलांच्या हिशेबाने २४० टॉवेल. कोकणात किंवा घाटमाथ्यावर चौथा संच घ्यावाच. जुलैत कपडे वाळत नाहीत, ओलसर टॉवेलांना वास येतो, आणि तक्रार ‘खोली अस्वच्छ’ म्हणून नोंदली जाते. एका पाळीत एक माणूस १२ ते १४ खोल्या नीट करू शकतो. पाहुणा निघालेल्या खोलीला अर्धा ते पाऊण तास द्यावा लागतो, त्यामुळे रविवारी ११ वाजता ४० खोल्या एकदम सुटल्या की २ वाजता नवे पाहुणे लॉबीत ताटकळत बसतात. त्या दिवशी जादा हात बोलवावे लागतात. पाण्यासाठी माणशी रोज १८० लिटर धरण्याची पद्धत आहे. त्याहून महत्त्वाचे, सकाळी साडेसहा ते नऊ या अडीच तासांत सगळ्यांना गरम पाणी लागते. टाकीचा आकार या अडीच तासांवरून ठरवावा, दिवसाच्या सरासरीवरून नाही.

श्रेगर यांनाही पुढच्या काळात धक्के बसले, तेही लेखात नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोचे ‘क्लिफ्ट’ त्यांनी २००१मध्ये नव्याने उघडले. त्याच वर्षी ११ सप्टेंबर आला, प्रवास थंडावला, आणि २००३मध्ये त्या हॉटेलाच्या कंपनीला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. उत्तम रचना, उत्तम लॉबी असूनही जड भाडे आणि कर्जापुढे इलाज चालत नाही. २००५मध्ये ते आपल्याच कंपनीतून बाहेर पडले. २००७मध्ये त्यांनी मॅरियटशी हात मिळवून ‘एडिशन’ ही साखळी जाहीर केली. तिचे होनोलुलूतले पहिले हॉटेल २०१०मध्ये उघडले आणि २०११च्या ऑगस्टमध्ये इमारतीच्या मालकाने ते ताब्यात घेऊन नावच बदलून टाकले. इमारतीचा मालक वेगळा, हॉटेल चालवणारा वेगळा, नाव तिसऱ्याचे, असा हा करार असतो. मालकाकडून उत्पन्नाचे काही टक्के मूळ शुल्क आणि नफ्यातला वाटा असे चालवणाऱ्याला मिळते. आपल्याकडे कार्यक्रमवाले बहुतेकदा दुसऱ्याची जागा भाड्याने घेऊन सुरुवात करतात. त्यांनी भाड्याच्या करारात तीन गोष्टी पाहाव्यात: मुदत किमान नऊ-दहा वर्षांची आहे का, परवाने कुणाच्या नावावर राहणार, आणि मालकाने मध्येच जागा मागितली तर बसवलेल्या सामानाचे काय. तीन वर्षांच्या करारावर कोटभर रुपयांचे काम करणे म्हणजे दुसऱ्याची इमारत फुकट सजवून देणे आहे.

२०१७मध्ये न्यूयॉर्कला उघडलेल्या ‘पब्लिक’ या ३६७ खोल्यांच्या हॉटेलात श्रेगर यांनी स्वागतकक्षाचा मोठा काउंटर काढून टाकला आणि पाहुण्याला पडद्यावर स्वतः चेक-इन करू दिले. मनुष्यबळ वाचवून तो पैसा जागेवर आणि रचनेवर लावला. हे आपल्याकडे जसेच्या तसे उचलता येत नाही. इथे ओळखपत्र पाहून नोंद ठेवावी लागते आणि परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांच्या आत कळवावी लागते, तेव्हा समोर माणूस हवाच. माणूस ठेवून काउंटर मात्र नक्की काढता येईल.

जागा पाहायला जाणाऱ्यांसाठी एक सूचना. दलालाबरोबर सकाळी जाऊ नका. शनिवारी संध्याकाळी जा, बारच्या बरोबर वरची खोली मागून घ्या आणि तिथे रात्र काढा. दीड वाजता दिवा मालवून पडून राहा, कान उशीला लावून. सकाळी सात वाजता, सगळे नळ चालू असताना, गरम पाणी किती वेळ टिकते ते घड्याळ लावून मोजा. मग खाली जाऊन भोगवटा प्रमाणपत्र मागा. ते ‘वकिलाकडे आहे’ असे उत्तर आले, तर नाश्त्याचे बिल भरून निघून या.

आपले,
हॉटेल व्यवसायातील दोन वाचक, पुणे